'कंजरर' : एका इंग्रजी शब्दाची हकिकत
(मंडळाच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



आपल्या वाचनवर्गात गेल्या महिन्यात एक प्रश्न निघाला. मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीत जादूगाराला 'कंजरर' म्हटले होते. एकीच्या पुस्तकात त्याचे स्पेलिंग शेवटी ई-आर असे होते, दुसरीच्या पुस्तकात ओ-आर. मग दोघींनी आपापले शब्दकोश उघडले. एकीला अर्थ सापडला 'भुताखेतांना बोलावणारा', दुसरीला सापडला 'हातचलाखीचे खेळ करणारा'. आता ज्याला आपण मुलांच्या वाढदिवसाला बोलावतो तोही कंजरर आणि ज्याला दारात उभे करणार नाही तोही कंजरर, हे कसे? अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी शिकवीत होता, तेव्हा उलगडा तुम्हीच करा." म्हणून आज उभी आहे.

स्पेलिंगचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहावयाचा नाही. दोन्ही बरोबर. इंग्रजीत क्रियापदाला ई-आर जोडला की ते काम करणारा माणूस होतो. टीचर, बेकर हे त्या घरचे. ओ-आर हा शेपटा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला. डॉक्टर, अ‍ॅक्टर हे त्या घरचे. आपला शब्द मुळात फ्रेंचमधून आला आणि इंग्रजीत वाढला, म्हणून त्याला दोन्ही शेपट्या फुटल्या. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला थोर कोश काढला त्यात ई-आर आहे. अमेरिकेत आजही ई-आर अधिक, इंग्लंडात ओ-आर पुष्कळ दिसतो. अर्थात मात्र या दोन स्पेलिंगांमुळे काही फरक पडत नाही. कुणाला वाटेल की एक स्पेलिंग मांत्रिकाला आणि दुसरे खेळवाल्याला वाटून दिले असते तर बरे झाले असते. भाषा अशी वाटणी आपल्या सोयीने करीत नाही. मुलाने परीक्षेत कोणतेही लिहिले तरी बाईंनी ते खोडू नये. मात्र एका निबंधात दोन्ही लिहू नयेत, एवढीच शिस्त. आणि हसू नका बरे, आपल्याकडेही जाहिरातींतून जादूगर, जादूगार, जादुगार अशा तिन्ही मूर्ती दिसतात.

आता अर्थाकडे येते. खरी गोष्ट तिथे आहे.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे एकत्र शपथ घेणे. 'कॉन' म्हणजे मिळून आणि 'जुरारे' म्हणजे शपथ वाहणे. पाचपंचवीस माणसे गुपचूप एकत्र येऊन शपथ घेतात तेव्हा ती बहुधा कट करीत असतात, म्हणून लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कट करणे असाही होता. याच 'जुरारे'पासून ज्यूरी हा शब्द निघाला. आपल्या मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरी बसली होती हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ते शपथ घेतलेले पंच. खोटी शपथ घेण्याला इंग्रजीत पर्जरी म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे न्यायालयातला पंच, खोटा साक्षीदार आणि टोपीतून ससा काढणारा ही तीन चुलत भावंडे आहेत!

शपथेतून जादू कशी निघाली? हे समजायला आपल्याला इंग्लंडात जावयास नको. आपण रोज म्हणतो, "तुला माझ्या गळ्याची शपथ, एवढे जेवून जा." इथे शपथ मी घेत नाही, तुला घालते. शपथ घालून तुझे मन बांधते. इंग्रजीतही चौदाव्या शतकाच्या सुमारास या क्रियापदाचा अर्थ तसाच झाला : देवाचे नाव घेऊन दुसऱ्याला बांधून घालणे, कळवळून विनवणे. आणि ज्याला देवाची शपथ घालून बांधता येते तो माणूसच असला पाहिजे असे थोडेच आहे? भूतही असेल. "तुला देवाची आण आहे, बोल, कोण आहेस तू?" असे भगत झाडाला धरलेल्या माणसापुढे ओरडतो, ते ज्यांनी खेड्यात पाहिले असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आण घालणारा तो कंजरर. शब्दाचा सारा इतिहास या 'आण घालणे' या दोन शब्दांत बसतो, आणि इंग्रजी कोशात चार पाने वाचूनही मला तो इतका स्वच्छ कळला नव्हता.

मौज अशी की इंग्रजीत दोन अर्थांचे दोन उच्चार आजही आहेत. कळवळून विनवणे या अर्थी जोर दुसऱ्या अक्षरावर : कन्‌जूअर. जादू करणे या अर्थी जोर पहिल्यावर : कंजर. लिहावयाचे मात्र अगदी सारखे. शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात राजा चेटकिणींना शपथ घालून भविष्य विचारतो तिथे हाच शब्द आहे आणि तिथे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत.

इथवर गंमत झाली. पुढे मात्र या शब्दाला फासाचा दोर लागतो.

इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, १५६३ साली, आणि पुन्हा पहिल्या जेम्सच्या राज्यात, १६०४ साली, चेटकाविरुद्ध कायदे झाले. १६०४ च्या कायद्याचे नावच 'कंजरेशन'विरुद्धचा कायदा असे सुरू होते, 'चेटूक' हा शब्द त्याच्या मागून येतो. दुष्ट शक्तींना आण घालून बोलावले हे शाबीत झाले की देहान्ताची शिक्षा. आता भगिनींनो, अदृश्य भुताला कुणी बोलावले हे शाबीत कसे करावयाचे? शेजारणीचे मूल आजारी पडले, दूध नासले, गाय मेली, हाच पुरावा. आणि कोर्टात उभी कोण राहिली? विद्वान ज्योतिषी नव्हे. बहुतेक बायका, त्यातही म्हाताऱ्या, एकट्या, दारोदार मागून खाणाऱ्या. १६८२ साली बिडफर्ड गावच्या तीन गरीब बायकांना एक्सेटरला फाशी दिले, ते इंग्लंडातल्या या प्रकारच्या शेवटच्या फाशींपैकी.

या अंधारात एक गृहस्थ दिवा घेऊन उभा राहिला होता. त्याचे नाव रेजिनाल्ड स्कॉट, केंट परगण्यातला जमीनदार. १५८४ साली त्याने 'डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हे पुस्तक लिहिले. चेटकीण म्हणून धरलेल्या बायका म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, दरिद्री, खिन्न मनाच्या बायका, त्यांच्याजवळ कसली शक्ती आली, असे त्याचे म्हणणे. पण नुसते म्हणून तो थांबला नाही. लोक ज्याला भुताची करामत समजतात ते माणसाच्या बोटांनी कसे होते, हे त्याने दाखवून दिले. नाणे नाहीसे कसे करावयाचे, पत्ता कसा बदलावयाचा, जिभेतून आरपार टोचणी गेल्याचे कसे भासवावयाचे, मुंडके उडवून ताटात ठेवल्याचा देखावा कसा करावयाचा, हे सारे त्याने उकलून, आकृत्या काढून छापले. इंग्रजीत हातचलाखीची रहस्ये सांगणारे हे अगदी आरंभीचे पुस्तक. आज जगातले जादूगार त्याला आपल्या धंद्याचा आद्यग्रंथ मानतात, आणि ते लिहिले गेले ते मात्र गरीब बायकांची मान सोडविण्यासाठी! मला तर या सबंध हकिकतीत हा मनुष्य सर्वांत मोठा वाटतो. त्याच्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी १६०४ चा कायदा आलाच, फाश्याही झाल्या. पण बी पडले होते.

ते उगवले १७३५ साली. त्या वर्षी पार्लमेंटने जुने कायदे रद्द केले आणि नवा केला. यात शब्द तेच राहिले, एकच नवा आला : 'ढोंग'. कंजरेशन केले हा गुन्हा नव्हे. कारण ते करता येतच नाही. मी करू शकतो असे ढोंग करून लोकांना फसविले हा गुन्हा. शिक्षा एक वर्षाची कैद आणि दर तीन महिन्यांनी एक तास चव्हाट्यावर खोड्यात उभे राहणे. एका शब्दाने काय केले पाहा. आदल्या दिवसापर्यंत कायदा त्या म्हातारीला म्हणत होता, तू भुतांची मालकीण आहेस. दुसऱ्या दिवशीपासून कायदा भोंदूला म्हणू लागला, तू खोटारडा आहेस.

त्याच सुमारास शब्दाचा तिसरा, आपल्या ओळखीचा अर्थ पक्का झाला. आयझॅक फॉक्स नावाचा खेळवाला लंडनच्या जत्रांतून खेळ करी. रिकामी पिशवी उलटीसुलटी करून दाखवावयाची आणि तिच्यातून अंड्यांमागून अंडी काढावयाची. हे सारे हाताचे कसब आहे असेच तो जाहिरातीत सांगे. भूतबाधेचे नाव नाही. डॉक्टर जॉन्सनच्या कोशात मात्र कंजररचे अर्थ मंत्र घालणारा, गुप्त विद्येचे सोंग करणारा लबाड, आणि उपरोधाने, मोठा चतुर माणूस. एखाद्या मठ्ठाला तेव्हा म्हणत, हा काही कंजरर नव्हे! आपण म्हणतो ना, स्वारी काही बृहस्पती नव्हे, तसे.

एका शतकाने तर हा शब्द थेट स्वयंपाकघराजवळ आला. चार्ल्स डिकन्सला हातचलाखीचा मोठा नाद होता. १८४३ च्या डिसेंबरात एका मित्राच्या घरी मुलीच्या वाढदिवसाला त्याने तासभर खेळ केले. शेवटी एका गृहस्थाची टोपी मागून घेतली, तिच्यात कच्चे पीठ, कच्ची अंडी घातली आणि बघता बघता तिच्यातून वाफाळलेले पुडिंग काढले. जेन कार्लाइल या बाई तिथे होत्या, त्यांनी आपल्या पत्रात हे हौसेने लिहून ठेवले आहे. इतका सोज्वळ कंजरर त्या १६०४ च्या कायद्यात शोधून सापडला नसता. (टोपी कुणाची होती आणि तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा मोह मला आवरला नाही, पण पत्र त्याविषयी गप्प आहे.)

तेव्हापासून दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत आहेत. आता जी हकिकत सांगते ती दुसऱ्या महायुद्धातली. स्कॉटलंडची हेलन डंकन म्हणून एक बाई मृतांचे आत्मे बोलावते म्हणून प्रसिद्ध होती. १९४१ च्या नोव्हेंबरात बरहॅम ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली, साडेआठशेवर खलाशी गेले, आणि सरकारने ती बातमी जानेवारीपर्यंत लपवून ठेवली. अशा दिवसांत आया आणि बायका कुणाच्या दारी जातील? ज्याच्या घरी तार आली त्यालाच ते कळेल. १९४४ च्या जानेवारीत पोर्टस्मथ येथे बैठक चालू असताना पोलिसांनी डंकनबाईला धरले आणि लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात तिच्यावर खटला झाला तो १७३५ च्या त्याच कायद्याखाली. आरोपपत्रात तो जुना शब्द होता : 'एक प्रकारचे कंजरेशन' करण्याचे ढोंग. नऊ महिने शिक्षा झाली. वर्तमानपत्रे आजही तिला 'शेवटची चेटकीण' म्हणतात ते चूक आहे. कायद्याने तिला चेटकीण म्हटले नाही. चेटूक येते असे सोंग करणारी म्हटले. १९५१ साली हा कायदा रद्द झाला आणि त्याच्या जागी फसव्या माध्यमांविरुद्धचा नवा कायदा आला; तोही २००८ मध्ये गेला. मला डंकनबाईचा राग येतो, पण तिच्या दारात बसलेल्या आयांचा येत नाही.

या शब्दाचे भाऊबंदही थोडक्यात सांगते. 'विझर्ड' हा 'वाइज' म्हणजे शहाणा यापासून झाला; त्याला लागलेला 'आर्ड' हा शेपटा मात्र हेटाळणीचा, दारुड्याला ड्रंकर्ड म्हणतात त्यातला. 'वॉरलॉक' याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ शपथ मोडणारा, विश्वासघातकी. म्हणजे एक शपथ घालणारा आणि एक शपथ मोडणारा, दोघेही जादूगारच ठरले. 'मॅजिशियन' हा इराणातल्या 'मगुश' या पुरोहितांच्या नावापासून ग्रीकमधून आला. आणि आपला 'जादू' हाही इराणातलाच, फारसीतून आलेला. वेदांत 'यातु' म्हणून जो शब्द आहे तो त्याचा सख्खा भाऊ. परक्या लोकांचा पुरोहित तो आपला जादूगार, असे जगभर झालेले दिसते. कॅनडातले गोरे व्यापारी तिथल्या मूळ रहिवाशांच्या वैद्य-भगतांना सरसकट कंजरर म्हणत. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांत 'कंजर' म्हणजे झाडपाला, ताईत आणि मंत्र यांची विद्या. चार्ल्स चेस्नट या लेखकाच्या १८९९ च्या कथासंग्रहाचे नावच 'द कंजर वूमन' आहे.

रंगभूमीवरच्या कंजररांबद्दल बायका म्हणून एक तक्रार नोंदवून ठेवते. १९२१ च्या जानेवारीत लंडनला सेल्बिट नावाच्या जादूगाराने बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ सुरू केला आणि तेव्हापासून कापली जाते ती बाईच. आपल्या पी. सी. सरकारांनी १९५६ च्या एप्रिलात बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर हा खेळ केला. कापलेली मुलगी उठण्याच्या आधीच कार्यक्रमाची वेळ संपली. ती मेलीच असे समजून घाबरलेल्या लोकांनी बी.बी.सी.ला टेलिफोनांवर टेलिफोन केले! सरकारांची कीर्ती वाढली, मुलगी सुखरूप होती. एकदा तरी पेटीत जादूगाराने निजावे आणि करवत बाईने धरावी, असे मला फार वाटते.

असो. आता आपल्या मराठीकडे. इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले त्याला आपल्याकडे निरनिराळे शब्द आहेत. हातचलाखी, नजरबंदी हे खेळाचे. गारुडी हा सापाचे विष उतरविणाऱ्या गरुडविद्येतून आला आणि पुढे रस्त्यावर डमरू वाजवून खेळ करणारा झाला. मांत्रिक, भगत, देवऋषी हे वेगळे. आणि करणी, चेटूक, भानामती हे त्याहून वेगळे, आरोपाचे शब्द. हे मला आपल्या भाषेचे भाग्य वाटते. पण 'जादू' हा शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो. जादूगार रघुवीरांचे प्रयोग ही जादू, आणि 'जादूटोणा' यातलीही जादूच.

आणि म्हणून हा प्रश्न कोशातला राहत नाही. आपल्या राज्यात नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात, बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथेही पुरावा तोच, १६८२ सालच्या बिडफर्डचा : मूल आजारी पडले, गाय आटली. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि पुढे कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. अंगात शक्ती आहे असे भासवून फसविणे हा गुन्हा आहेच. पण अमकी बाई करणी करते, तिच्यामुळे रोग पसरला असा संशय पसरवून तिचे जिणे कठीण करणे हाही गुन्हा आहे. हे दुसरे कलम मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्या कामात आपण बायकाही मागे नसतो. नळावर बोललेले वाक्य कुठवर जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन चमत्कार करून दाखवितात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात. रेजिनाल्ड स्कॉटचाच मार्ग हा. त्यांतल्या दोन युक्त्या तर आपल्या घरातल्याच आहेत. हळदीला चुन्याचे पाणी लागले की ती लाल होते; कुंकू त्याच रीतीने करीत आले आहेत. ते जर बाबाच्या तळहातावर झाले तर 'देवीने कुंकू दिले' होते. सुरीला जास्वंदीचे फूल चोळून वाळू द्यावे आणि तिने लिंबू कापावे. आंबट रस लागताच रंग लाल होतो आणि 'लिंबातून रक्त आले' म्हणून करणी निघाल्याचे पैसे वसूल होतात. दोन्हीचे साहित्य मी आज बरोबर आणले आहे. भाषण झाल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. लिंबू तुमच्याच हाताने कापावे.

शेवटी कामाचे दोन शब्द. वर कायदा सांगितला त्याखाली तक्रार घेण्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो आणि तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसतो; आपल्या ठाण्यात चौकशी केली की नाव कळते, ते मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावे. आणि वर्धापनदिनाच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेत मुलांसाठी जे खेळ ठेवले आहेत, त्या गृहस्थांच्या नावापुढे चिटणीसबाईंनी ई-आर छापावा की ओ-आर, ते त्यांनीच ठरवावे. मराठी पत्रिकेत मात्र 'हातचलाखीचे प्रयोग' असे छापावे, अशी माझी सूचना आहे.